क्वेबेक सिटीला दोघांनी कधी जावं: डिसेंबरात की फेब्रुवारीत?

टोरांटोहून आम्ही दोघं दोन्ही वेळा जाऊन आलो. १६०८ साली वसलेलं हे शहर, जुना तट अजून शाबूत, आणि कानावर सगळीकडे फ्रेंच. 'बोंजूर' म्हणून सुरुवात केली की दुकानदाराचा चेहरा खुलतो.

डिसेंबरात मजा आहे ती खालच्या गावात. पेती-शांप्लेंच्या अरुंद गल्लीत दिव्यांच्या माळा, दारांवर हिरव्या फांद्या. वरच्या गावात जर्मन धाटणीचा नाताळबाजार. थंडी सोसण्यासारखी असते. मात्र नाताळच्या आठवड्यात हॉटेलं महागतात, गर्दीही फार.

फेब्रुवारी म्हणजे खरा हिवाळा. उणे वीस सहज. सेंट लॉरेन्स नदीवर बर्फाच्या लाद्या वाहत असतात. पलीकडच्या काठावरच्या लेव्ही गावाला जाणारी फेरी त्या फोडत निघते तेव्हा पायाखालची फळी थरथरते. हिने माझा हात घट्ट धरला होता, नजर मात्र मागे, कड्यावरच्या शातो फ्राँतनॅक या किल्ल्यासारख्या दिसणाऱ्या हॉटेलवर. त्याच्याच शेजारी कड्यावरच्या मोकळ्या फिरायच्या पट्ट्यावर लाकडी घसरगुंडी आहे, १८८४ पासूनची. ताज्या बर्फावर मेपलचा उकळता पाक ओततात आणि काडीवर गुंडाळून देतात. गुळाच्या पाकाची आठवण येतेच. शिवाय हिवाळी कार्निव्हल, पण त्याच्या तारखा आधी बघून घ्या.

लहान मुलं सोबत असती तर मी डिसेंबर म्हटलं असतं. दोघंच असाल तर फेब्रुवारीतच जा, आणि बुटांवर पैसे वाचवू नका.