मराठी मजकुरासाठी एआय मॉडेलची सेटिंग्ज : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या छोट्या कार्यालयात चपलांच्या ऑनलाइन विक्रीसाठी लागणारी वर्णने, ग्राहकांच्या विचारणांची उत्तरे आणि व्यापाऱ्यांना पाठवायची पत्रे ही कामे गेले कित्येक महिने भाषा मॉडेलच्या मदतीने होत आहेत. मॉडेल आमच्याच संगणकावर चालत असल्यामुळे त्याची सगळी सेटिंग्ज हाताशी असतात. कोणते मॉडेल घ्यावे याचा आपण जेवढा विचार करतो, तेवढाच विचार मराठीत काम करणाऱ्याने या सेटिंग्जचाही करायला हवा, असे माझे ठाम मत झाले आहे. आधीपासून भरून आलेले आकडे मराठीला मानवतीलच असे नाही, आणि त्यांतला एखादा चांगलाच अंगाशी येतो.

आम्हाला सर्वांत जास्त त्रास दिला तो रिपीट पेनल्टीने. मॉडेल मजकूर टोकन नावाच्या छोट्या तुकड्यांनी लिहिते; नुकतेच येऊन गेलेले टोकन लगेच पुन्हा येऊ नये म्हणून हे सेटिंग त्याची शक्यता कमी करते. आकडा 1.0 असेल तर दंड नाही, 1.1 किंवा 1.2 असेल तर दंड वाढत जातो. इंग्रजीत एक टोकन म्हणजे पुष्कळदा एक अख्खा शब्द असतो, पण देवनागरीत एकाच शब्दाचे अनेक तुकडे पडतात आणि एखादी मात्रा किंवा ‘च्या’सारखा प्रत्ययही स्वतंत्र टोकन होऊ शकतो. त्यामुळे शब्द पुन्हा येऊ नयेत म्हणून लावलेला दंड मात्रांना, प्रत्ययांना आणि मराठी वाक्य ज्यावर टेकते त्या ‘आहे’ला बसतो. कापशी या कोल्हापुरी चपलेच्या प्रकाराच्या एका वर्णनात पहिल्या परिच्छेदात बरोबर आलेले ‘कापशी’ पुढे ‘कापसी’ झाले आणि शेवटी ‘कापशे’. त्याच मजकुरात ‘या चपलेचा तळ जाड होय, पट्ट्यावरची वेणी हाताने विणलेली ठरते’ असे वाक्य आले. ज्या कारागिराने ती वेणी विणली, त्याच्या मालाखाली असली भाषा छापणे मला कदापि मान्य नाही. आकडा 1.0 वर आणला आणि ही विकृती थांबली. त्याची किंमतही आहे : लांब मजकुरात लहान मॉडेल कधीकधी एकच वाक्य घोळवत बसते. त्यावर दंड वाढवण्यापेक्षा मजकूर तुकड्यातुकड्यांनी लिहून घेणे मला अधिक पसंत आहे.

टेम्परेचर या सेटिंगबद्दल मात्र गैरसमज फार आहेत; ते कमी केले की उत्तर खरेच येते, असा त्यांतला एक. पुढच्या टोकनसाठी मॉडेल प्रत्येक पर्यायाला गुण देते, त्या गुणांना टेम्परेचरने भागले जाते आणि मग त्यांतून शक्यता काढल्या जातात. एका टोकनची शक्यता दुसऱ्याच्या दुप्पट असेल, तर टेम्परेचर 0.5 केल्यावर ती चौपट होते आणि 2 केल्यावर जेमतेम 1.4 पट उरते. म्हणजे हा आकडा कमी केला की मॉडेल आपल्या पहिल्या पसंतीला चिकटून राहते. ती पहिली पसंती खरी असेलच असे नाही. कोल्हापुरी चपलेला 2019 साली मिळालेले भौगोलिक मानांकन महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांसाठी आहे. ही माहिती सोबत दिली नाही, तर आमचे मॉडेल टेम्परेचर 0 असतानाही हे मानांकन एकट्या कोल्हापूरचे असल्याचे सांगते, आणि दर वेळी तेच सांगते. म्हणून मानांकन, चामड्याचा प्रकार, मापे अशी तथ्ये आम्ही प्रत्येक विनंतीसोबत देतो. ग्राहकांच्या उत्तरांसाठी टेम्परेचर 0.2 आणि वर्णनांसाठी 0.7 ठेवतो. त्याच्या वर गेले की आमच्या मॉडेलच्या मराठीत हिंदी शब्द डोकावू लागतात आणि वाक्यातले लिंग-वचन बिघडते.

टॉप-पी या सेटिंगवर लिहिण्यासारखे फारसे नाही. ज्यांच्या शक्यतांची बेरीज ठरवलेल्या मर्यादेपर्यंत जाते तेवढेच वरचे पर्याय ते शिल्लक ठेवते. आम्ही ते 0.9 वर ठेवले आहे आणि टेम्परेचर बदलताना त्याला हात लावत नाही, कारण दोन्ही एकदम हलवली तर फरक कशामुळे पडला हे समजत नाही. तुलना करताना सीड, म्हणजे मॉडेलची यादृच्छिक निवड जिथून सुरू होते तो आकडा, एकच ठेवावे, हेही आवर्जून सांगेन.

उत्तराच्या कमाल लांबीबाबत एक गोष्ट मराठी लिहिणाऱ्यांनी नीट समजून घ्यावी. ही मर्यादा टोकनमध्ये मोजली जाते आणि मॉडेलला तिची कल्पना नसते. मर्यादा आली की मजकूर तुटतो, मग तो शब्दाच्या मध्यावर का असेना. तेवढाच आशय मराठीत सांगायला इंग्रजीपेक्षा जास्त टोकन लागत असल्यामुळे इंग्रजीसाठी पुरेसा असलेला आकडा इथे अपुरा पडतो. उत्तर आटोपशीर हवे असेल तर मर्यादा ऐसपैस ठेवून ‘चार वाक्यांत लिहा’ असे सूचनेतच सांगावे.

ही सूचना, म्हणजे सिस्टीम प्रॉम्प्ट, माझ्या दृष्टीने सर्व आकड्यांपेक्षा महत्त्वाची आहे. ‘नम्रपणे उत्तर द्या’ एवढेच लिहिले तेव्हा ‘आपल्या बहुमोल विचारणेबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत’ अशी कोरडी भाषा येत असे. आता सूचनेत ग्राहकाला ‘तुम्ही’ म्हणावे, आधी प्रश्नाचे उत्तर द्यावे, किंमत दिलेल्या यादीबाहेरची सांगू नये, असे स्पष्ट लिहिले आहे आणि आम्ही स्वतः लिहिलेली दोन उत्तरे नमुना म्हणून जोडली आहेत. पावसात चप्पल वापरावी का, या प्रश्नाला आता ‘चामडे भिजू देऊ नका, भिजलेच तर सावलीत वाळवा, उन्हात ठेवू नका’ असे सरळ उत्तर येते. दुकानात उभ्या ग्राहकाशी आमचा माणूस असेच बोलतो.

इंटरनेटवरून मिळणाऱ्या सेवा वापरणाऱ्यांनी हे आकडे जसेच्या तसे उचलू नयेत. ओपनएआयच्या एपीआयमध्ये (आपल्या प्रोग्रॅममधून मॉडेल वापरण्याच्या सोयीत) टेम्परेचर 0 ते 2 असते, अँथ्रॉपिकच्या एपीआयमध्ये 0 ते 1, आणि विचार करून उत्तर देणाऱ्या काही मॉडेलमध्ये ते बदलताच येत नाही. आम्हीही नवे मॉडेल घेतले की कापशी, पुकरी आणि कुरुंदवाडी या तिन्ही प्रकारांची वर्णने आधी लिहून घेतो, नावे शेवटच्या ओळीपर्यंत शाबूत राहतात का ते पाहतो, आणि मगच ते कामाला लावतो.