बाल्कनीतल्या टोमॅटोसाठी बॅटरीवरचा टूथब्रश: कोणता घ्यावा, कसा वापरावा

ठाण्याचा घोडबंदर रोड असो की नवी मुंबईतलं खारघर, बाल्कनीत टोमॅटो लावणाऱ्यांची तक्रार एकच: फुलं भरपूर येतात, पण देठातून पिवळी पडून गळतात. अशा ठिकाणी बॅटरीवर चालणारा साधा टूथब्रश खरोखर कामाला येतो. मात्र कुठलाही ब्रश चालत नाही, आणि तो कुठे टेकवता यावर बरंच काही ठरतं.

टोमॅटोच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात, त्यामुळे एक झाड असलं तरी पुरतं. अडचण वेगळीच आहे. पुंकेसर एकमेकांना चिकटून त्यांची पिवळी नळी झालेली असते आणि पराग त्या नळीच्या आत सुटतो. मिठाच्या डबीसारखं आहे, हलवल्याशिवाय बाहेर काही पडत नाही. उघड्यावर हे काम वारा आणि भुंगे करतात. भुंगा फुलाला घट्ट धरून अंग थरथरवतो. पोळ्यातल्या मधमाशीला ती थरथर जमत नाही. वरच्या मजल्यावर, तीन बाजूंनी भिंती आणि पुढे कबुतरांची जाळी, अशा जागी भुंगे क्वचितच फिरकतात आणि वाराही अडतो. ती थरथर ब्रश देतो.

बाजारात दोन प्रकार मिळतात. एकात गोल डोकं अर्धवट फिरतं; दुसऱ्यात डोकं फिरत नाही, सगळी दांडी थरथरते. घ्यायचा तो दुसरा. फिरणाऱ्या डोक्याचे केस फुलाच्या देठात अडकतात आणि देठ मोडतो. एका ट्रिपल ए सेलवर चालणारा, कुठल्याही मेडिकलमध्ये मिळणारा स्वस्त ब्रश पुरेसा आहे. चार्जिंगचा महागडा घेण्याची काहीच गरज नाही. दुकानातच सुरू करून डोक्याची मागची बाजू नखाला लावून पाहा. नखाला झणझण जाणवली पाहिजे. सेल उतरला की आवाज येत राहतो, पण जोर जातो, आणि पराग सुटत नाही हे लक्षातही येत नाही.

वापरायची वेळ सकाळी दहा ते दुपारी दोन, दव सुकल्यावर. पाकळ्या पूर्ण मागे वळलेलं, गडद पिवळं फूल तयार असतं. डोक्याची पाठ घोसाच्या मुख्य देठाला, फुलांच्या जरा मागे टेकवा आणि दोन-तीन सेकंद धरा. फुलाला किंवा नळीला थेट लावू नका. नळीवर पुढे तपकिरी डाग पडतात आणि जोर जास्त झाला तर फूलच तुटतं. खाली काळा चमचा धरला तर पिवळी भुकटी पडताना दिसते. ती दिसली म्हणजे काम झालं. फूल दोन-तीन दिवसच तयार असतं, म्हणून एक दिवसाआड फेरी हवीच. पाकळ्या सुकूनही देठ हिरवा राहिला आणि मागचा भाग फुगू लागला, तर फळ धरलं. पराग पुरेसा मिळाला की बिया जास्त होतात आणि फळ गोल, भरीव येतं. अपुरा मिळाला की फळ लहान, वाकडं किंवा आतून पोकळ राहतं.

ब्रशला दोष देण्याआधी हवा पाहा. 60 ते 70 टक्के आर्द्रता उत्तम. 80 च्या वर पराग ओला होऊन गोळा होतो, म्हणून पावसाळ्यात हा ब्रश जवळजवळ निरुपयोगी. दिवसा 32 अंशांच्या पुढे आणि रात्री 24 च्या वर पारा राहू लागला की पराग कमजोर होतो. मग कितीही थरथरवा, फुलगळ थांबत नाही. आपल्याकडे खरा हंगाम डिसेंबर ते फेब्रुवारी. त्यासाठी रोपं ऑक्टोबरमध्ये कुंडीत गेली पाहिजेत. पानं गर्द हिरवी, झाड माजलेलं आणि फुलंच कमी असतील, तर युरिया किंवा जास्तीचं शेणखत थांबवा. तिथे ब्रश काय करणार?

बागकामाच्या संचात मिळणारा मऊ केसांचा ब्रश टोमॅटोसाठी घेऊ नका. तो बाहेरून फिरतो आणि पराग आत राहतो. दुधी, काकडी, भोपळ्याला मात्र तोच हवा, कारण तिथे नर फुलातला पराग उचलून मादी फुलावर ठेवायचा असतो. वांग्याला टूथब्रश चालतो, त्याचाही पराग नळीत असतो.

एक काळजी आवर्जून घ्या. मोझॅक विषाणू स्पर्शाने पसरतो, म्हणून पानांवर हिरवे-पिवळे चट्टे दिसणाऱ्या झाडाला ब्रश लावूच नका, आणि प्रत्येक फेरीनंतर डोकं साबणाने धुवा. हंगाम संपला की सेल काढून ठेवा. इथल्या दमट हवेत आतल्या पट्ट्या गंजतात आणि पुढच्या वर्षी ब्रश सुरूच होत नाही.