लाल पेन होतं, वाचणारं कुणी नव्हतं

सामान्य अध्ययनाच्या दुसऱ्या पेपरची, स्पर्धा परीक्षेच्या क्लासने तपासून दिलेली माझी एक उत्तरपत्रिका मी अजून जपून ठेवली आहे. त्यात पंधरा गुणांचा एक प्रश्न पंचायत राजवर होता. उत्तरात मी जाणूनबुजून चूक केली होती: ७३ वी घटनादुरुस्ती नगरपालिकांसाठी आणि ७४ वी पंचायतींसाठी, असं उलटं लिहिलं होतं, तेही दोन वेळा. आठ दिवसांपूर्वी अभ्यासाला लागलेलं पोरही ही चूक पकडेल. माझ्या उत्तरपत्रिकेत दोन्ही ठिकाणी लाल पेनाने बरोबरची खूण होती. खाली शेरा: 'चांगला प्रयत्न. आकृती काढा. मांडणी सुधारा.' गुण पंधरापैकी सहा.

माझ्या खोलीतल्या दोघींनी तोच क्लास लावला होता. रात्री मेसवरून आल्यावर तिघींच्या उत्तरपत्रिका कॉटवर शेजारी शेजारी मांडल्या. शेरे तेच, क्रमही तोच. एकीने त्रिस्तरीय रचनेची पानभर आकृती काढली होती, तिलाही 'आकृती काढा' असंच लिहिलं होतं. ती काही बोलली नाही, पुस्तक घेऊन भिंतीकडे तोंड करून बसली. तिचे पैसे तिच्या भावाने कंपनीतून उचल घेऊन भरले होते.

दरवर्षी जून-जुलैत सदाशिव पेठेत, नारायण पेठेत बॅगा घेऊन नवी मुलं उतरतात. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. त्यांच्यासोबत आलेल्या आई-वडिलांसाठी तर जास्तच, कारण आमच्या बाबतीत खरा फास माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या गळ्यात पडला.

मी परभणी जिल्ह्यातली. चार एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. २०२४ च्या जुलैत अण्णा मला घेऊन पुण्यात आले. तेव्हा पेठेत एकाच गोष्टीची चर्चा होती, २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षाही यूपीएससीसारखी वर्णनात्मक होणार. बहुपर्यायी प्रश्नांवर तयारी केलेली हजारो मुलं हादरली होती, कारण गोल काळे करायची सवय असलेल्या हाताला पानं भरून लिहायची भीती वाटते. मलाही वाटत होती. याच भीतीवर रातोरात 'उत्तरलेखन' आणि 'वैयक्तिक मेंटॉरशिप'चे फलक लागले. आम्ही ज्या क्लासमध्ये गेलो तिथे दारातच निवड झालेल्यांचे चौदा फोटो होते. त्यातला एक चेहरा त्याच रस्त्यावर आणखी दोन क्लासच्या फलकांवर मी पाहिला होता. तेव्हा मला वाटलं, हुशार माणूस, तीन ठिकाणी शिकला असेल. त्या चौदांपैकी एका ताईंचं भाषण मी पुढे डिसेंबरात ऐकलं. त्यांनी स्टेजवरूनच सांगितलं, की पूर्व आणि मुख्यची तयारी त्यांनी स्वतः केली आणि या क्लासमध्ये त्या फक्त एका मॉक इंटरव्ह्यूला गेल्या होत्या, तोही मोफत.

समुपदेशन करणाऱ्या मॅडम फार गोड बोलल्या. फी ९० हजार, पण 'काका, आज नाव नोंदवलं तर ७२ हजार, उद्यापासून ही सवलत नाही, चारच जागा उरल्यात.' अण्णा म्हणाले, एवढे एकदम जमणार नाहीत. मॅडम म्हणाल्या, 'एकदम कोण मागतंय? बारा हजार आत्ता, बाकी पाच हजारांचे बारा हप्ते, बिनव्याजी.' अण्णांचं आधार आणि पॅन घेतलं, एका मुलाने टॅबवर काहीतरी भरलं आणि अण्णांना तीनदा ओटीपी विचारला. अण्णांनी चष्मा लावून तिन्ही वेळा आकडे मोठ्याने वाचून दाखवले. सगळं मिळून दहा मिनिटं.

त्या दहा मिनिटांत अण्णांच्या नावावर एका वित्त कंपनीचं ६० हजारांचं कर्ज झालं. 'कर्ज' हा शब्द एकदाही कुणी उच्चारला नाही. एक ओटीपी कराराच्या सहीचा होता आणि एक बँक खात्यातून दरमहा हप्ता आपोआप कापायच्या परवानगीचा, हे मला सात महिन्यांनी समजलं. अर्जात ईमेलच्या जागी त्या मुलाने क्लासचाच पत्ता टाकला होता, त्यामुळे कराराची प्रत आमच्यापर्यंत आलीच नाही. डिजिटल कर्जात सुरुवातीच्या ठरावीक दिवसांत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज देऊन, दंड न भरता बाहेर पडता येतं. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्येच तसा नियम केला आहे. पण कर्ज घेतलंय हेच माहीत नसेल तर त्या मुदतीचा उपयोग काय? बारा हजार रोख दिले त्याची पावती मिळाली, पण तिच्यावर जीएसटी क्रमांक नव्हता आणि खाली बारीक अक्षरात 'फी कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही' असं छापलेलं होतं.

या व्यवहारातली एक गोष्ट प्रत्येकाने नीट समजून घ्यावी. हप्ते आपण भरतो म्हणून क्लासही आपल्याला महिन्या-महिन्याने बांधील आहे, असं आपण धरून चालतो. तसं नसतं. वित्त कंपनी क्लासला कर्जाची रक्कम सुरुवातीलाच देऊन टाकते. त्यानंतर तुम्ही शिका, न शिका, क्लासच्या गल्ल्यात फरक पडत नाही. आमच्या क्लासची वागणूक तिसऱ्या आठवड्यापासून बदलली, त्याचं मला वाटतं हेच कारण होतं. डेमो लेक्चर घेणारे सर परत दिसले नाहीत आणि वर्गात रेकॉर्ड केलेले व्हिडिओ लावू लागले. 'खास नोट्स' म्हणून दिलेला गठ्ठा कोपऱ्यावरच्या झेरॉक्स सेंटरमध्ये अडीचशे रुपयांत मिळत होता. त्यात बळवंतराय मेहता समितीचं वर्ष १९५९ दिलं होतं. समिती १९५७ ची. झेरॉक्सवाल्याकडच्या गठ्ठ्यातही तीच चूक, त्याच पानावर होती आणि समासात कुणीतरी पेनाने लिहिलेलं 'परत बघ' हेसुद्धा दोन्हीकडे होतं.

नोट्सचं एवढं वाईट वाटलं नाही. एनसीईआरटीची पुस्तकं, आर्थिक पाहणी, आयोगाच्या जुन्या प्रश्नपत्रिका हे सगळं संकेतस्थळांवर फुकट आहे, ते मी वाचतच होते. जे फुकट मिळत नाही, ज्यासाठी मी खरोखर पैसे मोजले होते, ते म्हणजे माझं उत्तर वाचणारा एक जाणता माणूस. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाचे चार पेपर, प्रत्येकी २५० गुणांचे. तीन तासांत वीस उत्तरं, म्हणजे एका उत्तराला नऊ मिनिटं. त्या नऊ मिनिटांत प्रश्न काय मागतोय ते ओळखायचं, आठवायचं, लिहायचं. आपण कुठे भरकटतो ते आपलं आपल्याला दिसत नाही. ते दाखवणाऱ्या नजरेसाठी अण्णांनी ७२ हजार कबूल केले होते.

ती नजर कुणाची होती, तेही नंतर कळलं. आमच्या अभ्यासिकेत माझ्या मागच्या टेबलावर बसणारा एक मुलगा एका संध्याकाळी उत्तरपत्रिकांचा ढीग घेऊन बसला होता. वरच्या कव्हरवर आमच्या क्लासचं चिन्ह. मी विचारलं, 'दादा, तुम्ही तपासता का हे?' तो कावराबावरा झाला. मग हळू आवाजात म्हणाला, 'ताई, पेपरमागे तीस रुपये मिळतात. उद्या सकाळी साठ द्यायचेत. शेरे त्यांनीच लिहून दिलेत, त्यातले टाकायचे. चारच्या खाली नाही, सातच्या वर नाही.' त्याने स्वतः अजून पूर्वपरीक्षाही पार केलेली नव्हती. मला त्याचा राग आला नाही. साठ पेपरांचे अठराशे रुपये म्हणजे त्याच्या मेसच्या बिलातला मोठा हिस्सा. पण माझ्या तीन तासांना तीन मिनिटंही मिळत नव्हती. घरी जाऊन मी पुढच्या टेस्टमध्ये ती उलटी घटनादुरुस्ती लिहायचं ठरवलं.

उत्तर वाचणं म्हणजे काय असतं, ते मला अभ्यासिकेतल्याच एका ताईंनी दाखवलं. दोनदा मुख्य परीक्षा लिहिलेल्या, पोस्ट थोडक्यात हुकलेल्या. तेच पंचायत राजचं उत्तर मी चूक सुधारून पुन्हा लिहिलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी आधी प्रश्नातला 'चिकित्सक परीक्षण करा' हा शब्द अधोरेखित केला आणि विचारलं, 'तू इथे फक्त माहिती दिलीस. परीक्षण कुठंय?' अकराव्या अनुसूचीतले २९ विषय मी लिहिले होते. त्या म्हणाल्या, 'विषय दिले, पण निधी आणि माणसं दिली का? उत्तराचं पोट तिथे आहे.' वसंतराव नाईक समिती, १ मे १९६२ पासून सुरू झालेल्या जिल्हा परिषदा, २०११ मध्ये महिलांसाठी ५० टक्के झालेलं आरक्षण, हे महाराष्ट्राचं सगळं मला तोंडपाठ होतं आणि उत्तरात एक ओळही नव्हती. शेवटी म्हणाल्या, 'तुमच्या गावात ग्रामसभा होते ना? कोरमअभावी तहकूब झालेली पाहिलीस की नाही? मग ते लिही की.' अडीचशे शब्दांच्या एका उत्तरावर पाऊण तास. एक रुपया न घेता.

नोव्हेंबरात मी क्लासमध्ये जाऊन फी परत मागितली. पाच महिने झाले होते, वर्षाच्या हिशेबाने सात महिन्यांचे ४२ हजार मागितले. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग सेंटरसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी असं आहे, ते छापून नेलं होतं. मॅडमचा आवाज आता गोड नव्हता. 'पावतीवर काय लिहिलंय ते वाच.' खूप वाद झाल्यावर त्या म्हणाल्या, 'ठीक आहे, तुझे हप्ते बंद करायला आम्ही कंपनीला कळवतो.' मी विश्वास ठेवला. अण्णांना सांगितलं, आता त्या खात्यात हप्त्यापुरते पैसे ठेवू नका. ही माझी सर्वांत मोठी चूक. कुणी काही कळवलं नव्हतं. डिसेंबर आणि जानेवारीचे हप्ते परत गेले.

मार्चअखेर अण्णा पीककर्ज नवं-जुनं करायला बँकेत गेले तेव्हा साहेबांनी स्क्रीन फिरवून दाखवली: सिबिल घसरलंय, तुमच्या नावावर थकीत कर्ज आहे. अण्णांनी आयुष्यात एका सोसायटीचा हप्ता चुकवलेला नाही. त्यांनी मला फोन केला आणि फक्त एवढंच विचारलं, 'ताई, हे कुठलं कर्ज गं?' त्या प्रश्नाचं उत्तर देताना मला काय वाटलं ते मी इथे लिहू शकत नाही. राहिलेले सगळे हप्ते दंडासकट मामांकडून उसने घेऊन भरले.

त्याच आठवड्यात मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार केली. फलकाचा फोटो, बिनजीएसटीची पावती, मॅडमचे व्हॉट्सअॅप मेसेज आणि तिघींच्या एकाच शेऱ्याच्या उत्तरपत्रिका जोडल्या. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १३ नोव्हेंबर २०२४ ला कोचिंगच्या जाहिरातींसाठी नियम काढले आहेत. यशस्वी उमेदवाराचा फोटो लावला तर त्याने कोणता कोर्स, किती काळ, पैसे भरून केला की फुकट, हे सांगावं लागतं, आणि 'चारच जागा उरल्यात' अशी खोटी घाई करता येत नाही. फसव्या दाव्यांसाठी त्यांनी अनेक क्लासना दंडही केला आहे. तक्रारीत मी हे मुद्दे घातले. तीन आठवड्यांनी क्लासमधून फोन आला, २५ हजारांवर मिटवा. जिल्हा ग्राहक आयोगात गेले असते तर कदाचित पूर्ण मिळाले असते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्कही नाही. पण २५ मे २०२५ ला पूर्वपरीक्षा होती. मी मिटवलं. खोलीतल्या दोघींनी तक्रार केली नाही, एकीचा भाऊ म्हणाला, नको ती भानगड.

क्लास लावूच नका, असं मी म्हणणार नाही. मनापासून शिकवणारे, खरंच वाचणारे सर पेठेत आहेत. फक्त पैसे देण्याआधी त्या क्लासमध्ये चालू बॅचच्या एखाद्या मुलाची तपासलेली उत्तरपत्रिका मागा, एकाची नाही, तिघांच्या मागा, आणि समासातलं वाचा. तपासणारा कोण आहे, त्याने मुख्य परीक्षा लिहिली आहे का, हे नाव घेऊन विचारा. फोटोतल्या माणसाने काय कोर्स केला ते विचारा. सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या योजनांत बसत असाल तर आधी तिथल्या चाळणी परीक्षेचा अर्ज भरा. आणि वडिलांच्या फोनवर आलेला ओटीपी त्यावरचा पूर्ण मजकूर वाचल्याशिवाय कुणाला सांगू देऊ नका. आधीच अडकला असाल तर क्लासशी भांडण चालू असतानाही हप्ता थांबवू नका. कंपनीला स्वतः लेखी कळवा आणि त्याची पोच घ्या.

कर्ज मिटल्यावर कंपनीकडून 'नो ड्यूज' पत्र मिळायला चार ईमेल आणि दीड महिना लागला. अण्णांनी त्याला प्लॅस्टिकचं कव्हर घालून ते सातबाऱ्याच्या फाइलमध्ये लावलं आहे. बँकेत जाताना ती फाइल ते आता सोबत नेतात.