ब्रॅम्प्टनमध्ये विकला जाणारा ‘ऑपरेटर पास पॅकेज’

कॅनडातल्या ओंटारिओत जलशुद्धीकरण केंद्रावर ऑपरेटर व्हायचं असेल तर सुरुवात ‘ऑपरेटर इन ट्रेनिंग’, म्हणजे ओआयटीच्या परीक्षेपासून होते. बहुपर्यायी प्रश्न, ७० टक्क्यांना पास. सांडपाण्याच्या प्रकल्पांसाठी वेगळी, पण याच धर्तीची परीक्षा. काम बहुतेक महापालिकेचं, पगार बरा, पुढे पेन्शन, त्यामुळे नव्याने आलेल्या माणसाला ही लाइन खुणावते. अशा लोकांना गाठणारा एक मराठी बोलणारा माणूस इथे, ओंटारिओतल्या ब्रॅम्प्टन शहरात आहे. माझे ९०० डॉलर त्याने कसे काढून घेतले ते लिहितोय. नाव लिहीत नाही. नंबर आणि नाव तो बदलत असतो, पद्धत मात्र ठरलेली आहे.

मी साताऱ्याकडच्या एका नगरपरिषदेच्या फिल्टर प्लांटवर काम केलेलं. जार टेस्ट लावून तुरटीचा डोस ठरवणं, बेड बॅकवॉश करणं (वाळूचा थर उलट्या पाण्याने धुणं), टीसीएलचं, म्हणजे ब्लीचिंग पावडरचं द्रावण, पाण्यातला क्लोरीन तपासणारी ओटी टेस्ट, हे सगळं हाताखालून गेलेलं. अडचण होती ती इंग्रजीतल्या प्रश्नांची आणि इथल्या कायद्याची. फोनवर त्याने ती लगेच हेरली. म्हणाला, ‘‘दादा, काम तुम्हाला येतंय, पेपर येत नाही. पेपर माझ्याकडे आहे. आपल्या माणसाला आपण नाही हात द्यायचा तर कोणी?’’

पॅकेजमध्ये ‘खऱ्या परीक्षेतले’ ८०० प्रश्न, रविवारचे ऑनलाइन क्लास आणि पास झाल्यावर प्लेसमेंट. पैसे ई-ट्रान्स्फरने (बँकेतून थेट ईमेल किंवा फोन नंबरवर पाठवायची इथली सोय), आणि मेसेजच्या जागी ‘फी’ नाही, ‘गिफ्ट’ लिहायचं. पावती नाही. पास झालेल्या मुलांची सर्टिफिकेटं म्हणून जे फोटो आले, त्यांत नाव आणि नंबर दोन्ही पुसलेले. ‘प्रायव्हसी असते ना दादा.’

फाइल आली. पहिल्या पानावरचा लोगो पांढऱ्या चौकोनाने झाकलेला. आत क्लोरीनची सगळी गणितं पौंडात, पाणी दशलक्ष गॅलनमध्ये, आणि प्रत्येक उदाहरणात ८.३४ ने गुणलेलं. हा आकडा अमेरिकेतला, गॅलनभर पाण्याचं पौंडातलं वजन. ओंटारिओत हिशेब घनमीटर आणि किलोचा. दिवसाला ५,००० घनमीटर पाणी आणि लिटरला २ मिलिग्रॅम डोस असेल, तर गुणाकार करून १,००० ने भागायचं: १० किलो क्लोरीन. ८.३४ चा इथे काय संबंध? कायद्याच्या प्रकरणात तर आणखी गंमत. ‘सेफ ड्रिंकिंग वॉटर अ‍ॅक्ट’ असं छापलेलं, साल १९७४. तो अमेरिकेचा कायदा. ओंटारिओचा २००२ चा. दोघांचं नाव एकच, त्यामुळे नवख्याला संशयही येत नाही आणि तो इमानेइतबारे भलताच कायदा पाठ करत बसतो.

याहून वाईट म्हणजे उत्तरंच चुकीची. क्लोरीन वायू हवेपेक्षा हलका, सबब एक्झॉस्ट छताजवळ हवा, असं एका उत्तरात होतं. क्लोरीन हवेच्या जवळजवळ अडीचपट जड असतो, गळती झाली की जमिनीलगत साचतो, म्हणून हवा बाहेर ओढणारं तोंड खाली ठेवतात. गावाकडे क्लोरीनच्या टनरजवळ (मोठ्या सिलिंडरजवळ) वावरलेला कोणीही हे झोपेतही सांगेल. मी त्याला विचारलं, तर म्हणे, ‘‘तुम्ही खोलात जाऊ नका, प्रश्न हेच येतात, पर्याय पाठ करा.’’ क्लास एकदाच झाला. त्यात त्याने हीच फाइल वाचून दाखवली. पुढचे रद्द.

पण मला वाटतं, प्रश्नांची फाइल हा त्याचा खरा धंदा नव्हेच. ओआयटी पास झाल्यावर क्लास १ च्या, म्हणजे पहिल्या पायरीच्या लायसन्ससाठी प्लांटवरचा वर्षभराचा अनुभव लागतो. नवख्याला अनुभवाशिवाय कोणी घेत नाही आणि घेतल्याशिवाय अनुभव मिळत नाही. लोक अडकतात ते इथे, परीक्षेत नव्हे. ‘अनुभवाचं पत्र मिळेल, कॉन्ट्रॅक्टर ओळखीचा आहे, २,५०० लागतील,’ हा मेसेज आला तेव्हा त्याचं प्लेसमेंट म्हणजे काय ते कळलं. मी नाही म्हटलं. त्यानंतर त्याने फोन उचलला नाही.

या पत्राच्या मोहात पडणाऱ्याने वॉकरटनची गोष्ट वाचावी. मे २००० मध्ये ओंटारिओतल्या या छोट्या गावाच्या पाण्यात ई. कोलाय जिवाणू शिरला, ७ माणसं गेली, दोन हजारांहून जास्त आजारी पडली. पाणीपुरवठा सांभाळणाऱ्या दोघा भावांकडे सर्टिफिकेटं होती, पण ती परीक्षा न देता, जुन्या नोकरीच्या जोरावर मिळालेली. क्लोरीनच्या नोंदी ते मनाने लिहीत. आजचा कायदा, ही परीक्षा, त्या वर्षभराच्या अनुभवाची अट, यांतलं बरंच काही या घटनेच्या सरकारी चौकशीनंतर कडक झालं. तिथे खोटं अनुभवपत्र जोडायचं म्हणजे लायसन्सवर स्वतःच्या हाताने पाणी सोडायचं.

बँकेने सांगितलं, ट्रान्स्फर त्याच्या खात्यात जमा झालंय, परत येणार नाही. कॅनेडियन अँटी-फ्रॉड सेंटरकडे तक्रार केली, फाइल नंबर मिळाला. अभ्यासाचं म्हणाल तर कोणत्या विषयावर काय विचारतात त्याची यादी अधिकृत साइटवर फुकट आहे, सूत्रांचा कागद परीक्षेतच हातात देतात, आणि पिण्याच्या पाण्याचा एन्ट्री-लेव्हल कोर्स वॉकरटनमध्येच उभ्या राहिलेल्या क्लीन वॉटर सेंटर या प्रशिक्षण केंद्राचा आहे. अमेरिकेतल्या सॅक्रामेंटोच्या विद्यापीठाची जाडजूड मॅन्युअल्सही उत्तम, फक्त एककं बदलून घ्यावी लागतात.

ओळखीच्या एकाला अलीकडे त्याच धाटणीचा मेसेज आलाय, या वेळी अल्बर्टाच्या परीक्षेचा. नमुन्याची पानं मागवा. पौंड आणि गॅलन दिसले, किंवा ट्रान्स्फरमध्ये ‘गिफ्ट’ लिहायला सांगितलं, तर पुढे बोलू नका. आणि पैसे गेलेच असतील तर चॅट डिलीट करू नका, तक्रारीला तेच लागतं.