हँडलवरचा पिवळा डाग: मिनीबाइकच्या मूळ क्रोमसोबतचे नऊ महिने

माझ्या मिनीबाइकच्या, म्हणजे छोट्या चाकांच्या बुटक्या मोटारसायकलच्या, हँडलवर, उजव्या मुठीपासून चार बोटांवर, अंगठ्याच्या नखाएवढा एक फिकट पिवळा डाग आहे. पन्नासहून अधिक वर्षांच्या ऊन-पावसाला जे जमले नव्हते, ते मी विकतच्या क्रोम पॉलिशने पंधरा मिनिटांत करून दाखवले, आणि हा अनुभव लिहायला बसण्याचे खरे कारण तो डागच आहे.

पॉलिशच्या डबीवर ‘सर्व धातूंसाठी सुरक्षित’ असे ठळक अक्षरांत छापलेले होते. पहिल्या दिवशी मीही तिच्यावर खूश होतो, कारण हेडलाइटची कडा आणि पुढचे मडगार्ड असे उजळले की आतापर्यंत इतके पैसे उगाच वाचवले, असे वाटू लागले. मग हँडलवर गंजाचा एक चिवट ठिपका आला, मी जोर वाढवला, फडके काळे झाले, ठिपका गेला आणि त्याच्या जागी हा उबदार पिवळट रंग उरला. सुरुवातीला मला तो पॉलिशचाच थर वाटला, म्हणून मी तो काढण्यासाठी आणखी पॉलिश लावले. हे लिहिताना आजही लाज वाटते.

आपण ज्याला क्रोमचा मुलामा म्हणतो, त्यात क्रोम जेमतेम पाव ते अर्धा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचे असते. त्याच्याखाली दहा ते तीस मायक्रॉनच्या आसपास निकेल असते, आणि पोलादाला गंजापासून वाचवण्याचे बरेचसे काम ते निकेलच करते. चकाकीसुद्धा मुख्यतः त्याचीच. वरचे क्रोम त्या निकेलला मळण्यापासून आणि ओरखड्यांपासून सांभाळते आणि त्याला ती ओळखीची निळसर झाक देते. म्हणून निळसर झाक जाऊन पिवळट चमक दिसू लागली की त्या जागेचे क्रोम संपले असे समजावे, आणि हात तत्काळ थांबवावा. पॉलिशमध्ये घासणारी बारीक पूड असते. ती प्रत्येक फेरीला गंजाबरोबर थोडे क्रोमही घेऊन जाते. मी उत्पादकाला तक्रार लिहिली, तेव्हा ‘मऊ कापड वापरावे’ एवढेच उत्तर आले. घासत होती ती डबीतली पूड. कापड बिचारे जुन्या बनियनचे होते, त्याहून मऊ काय आणायचे? ज्यांच्याकडे होंडाच्या झेड५०आर या मिनीबाइकची १९८६ सालची, टाकी आणि चौकटसुद्धा क्रोमची असलेली खास आवृत्ती आहे, त्यांनी माझी ही तक्रार शंभरपट करून वाचावी.

त्यानंतर मी स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलकडे वळलो, ते विद्वत्तेने नव्हे, चिडून. फॉइलचा तुकडा चुरगाळायचा, पाण्यात बुडवायचा आणि हलक्या हाताने गोल फिरवायचा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा पुष्कळच मऊ असल्यामुळे क्रोमवर ओरखडा उमटत नाही, पण ठिसूळ गंज मात्र चुरगळलेल्या कडांनी निघून येतो आणि करड्या चिखलासारखा पाण्यात उतरतो. मागच्या मडगार्डचे शेकडो तांबूस ठिपके एका बैठकीत गेले आणि खर्च जवळजवळ शून्य झाला. दोन पथ्ये मात्र पाळावीत: कोरडे घासू नये, आणि मुलामा सुटून पापुद्रा उचललेला असेल तेथे फॉइल मुळीच नेऊ नये, कारण ते पापुद्र्याच्या कडेत अडकून त्याला आणखी उचलते. रंगवलेल्या टाकीपासूनही ते दूरच ठेवावे. पोलादी काथ्या मी एकदाच वापरला. त्याचे तुटलेले तंतू कोपऱ्यात राहिले आणि आठवड्याने स्वतःच गंजले.

फॉइलचे हे कौतुक मी येथेच संपवले असते, पण पाचव्या महिन्यात त्याच मडगार्डवर, जवळजवळ त्याच जागी, ठिपके परत आले. कारण उघड होते आणि मला ते आधीच सुचायला हवे होते. मुलाम्यात डोळ्यांना न दिसणारी छिद्रे आणि भेगा असतात. जेथे त्या निकेलच्याही पार गेलेल्या असतात, तेथे पाणी थेट पोलादापर्यंत पोहोचते. फॉइलने त्या छिद्रांची तोंडे पुसली जातात, बंद होत नाहीत. तोपर्यंत मेण म्हणजे मोटारवाल्यांची प्रसाधने, असे माझे मत होते. ते मत मी नाइलाजाने बदलले आणि मडगार्डच्या डाव्या अर्ध्या भागावर साधे, पूड नसलेले मेण लावून उजवा अर्धा तसाच सोडला. चार महिन्यांनंतर डावीकडे तीन ठिपके आहेत आणि उजवीकडे मी मोजणे सोडून दिले आहे. प्रामाणिकपणे सांगायचे तर या काळात मी प्लॅस्टिकचे आच्छादन काढून सुती चादर घातली होती, कारण सकाळी प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला दव जमलेले दिसत असे. गाडीला त्याचाही फायदा झाला असणार, परंतु चादर दोन्ही अर्ध्यांवर सारखीच होती, तेव्हा डाव्या-उजव्यातला फरक मेणाचाच मानावा लागतो.

सायलेन्सरवर मेण टिकत नाही, ते जळून जाते. इंजिनाजवळ उष्णतेने आलेला निळा-सोनेरी रंग मी तसाच ठेवला आहे. मडगार्डच्या आतल्या बाजूला मुलामा देतानाच तो पातळ बसलेला असतो आणि चिखलही तेथेच साचतो, म्हणून तेथे दिसण्याचा विचार न करता मेणाचा जाड थर द्यावा. बोल्टने जोडलेल्या दोन अर्ध्या भागांच्या रिमच्या सांध्यात पाणी राहते आणि तो उघडावाच लागतो. मात्र बोल्टला हात लावण्याआधी टायरमधली हवा पूर्ण काढावी, नाहीतर भरलेल्या हवेच्या दाबाने रिमचे तुकडे अंगावर उडू शकतात. सुटे बोल्ट मी कोमट पाण्यात सुमारे दोन टक्के ऑक्झॅलिक आम्ल घालून भिजवले. गंज छान निघाला, परंतु काही बोल्ट रात्रभर विसरलो तर त्यांच्यावर पिवळट पूड चिकटून बसली. हे आम्ल विषारी आहे, तेव्हा हातमोजे घालावेत आणि नंतर भाग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावेत. शौचालय साफ करण्याचे हायड्रोक्लोरिक आम्ल कोणी सुचवले, तर त्याच्या हातात गाडी देऊ नये. ते क्रोमलाच विरघळवते.

हँडल नव्याने मुलामा देण्यासाठी पाठवावे, असे दोघांनी सुचवले. त्यासाठी जुना मुलामा रसायनाने उतरवून खालचे पोलाद घासून सपाट करतात, आणि त्यात हँडलवरचे कारखान्यातले बारीक ठसे पुसट होण्याची भीती असते. नखाएवढ्या डागासाठी एवढी किंमत मला मान्य नाही. डागावर मी महिन्यातून एकदा मेण लावतो. उघडे पडलेले निकेल त्यामुळे मळत नाही, पण पिवळे ते पिवळेच राहते, आणि उजवा हात मुठीवर ठेवला की नजर पहिली तेथेच जाते.

पॉलिशची डबी अजून अर्ध्याहून अधिक भरलेली आहे. ती फेकून देण्याइतका मी उदार नाही. इंजिनाच्या उघड्या ॲल्युमिनियमच्या झाकणावर ती उत्तम चालते, आणि तेथे ती संपेपर्यंत मी ती वापरणार आहे.