‘दऱ्या’साठी तेरा महिने

आधीच सांगते, नियतकालिकाचं नाव मी देणार नाही. ग्रंथालयशास्त्राचं जग लहान. इथे सगळेच एकमेकांना कुठल्या ना कुठल्या रिफ्रेशर कोर्सच्या चहाला भेटलेले असतात. डिजिटल माहिती हा विषय, भाषा इंग्रजी, वर्षाला चार अंक, वाचायला फुकट आणि छापून यायलाही फुकट, एवढी ओळख पुरे. मी सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित कॉलेजात ग्रंथपाल. १२ फेब्रुवारी २०२४ ला संशोधनाचा पेपर पाठवला, मार्च २०२५ मध्ये तो छापून आला. पहिल्यांदाच पाठवणाऱ्या कुणाला उपयोग होईल म्हणून लिहून ठेवतेय.

पेपर कशावर होता ते सांगितल्याशिवाय पुढची गंमत कळणार नाही. आमच्या कॅटलॉगमध्ये एका मुलीनं ‘आचारी’ घेऊन काहीतरी शोधलं आणि आचार्य मंडळींची पुस्तकं समोर आली. ‘आचाऱ्यास’ आणि ‘आचार्यास’ यांत स्वयंपाकघर आणि गुरुकुल इतकं अंतर आहे, पण संगणकाला ते अर्ध्या ‘र’वरून ओळखावं लागतं. हा अर्धा ‘र’ युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, ०९३१ क्रमांकाचा टिंबवाला ‘ऱ’ आणि हलन्त. दुसरी, साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा एक जोडक. फॉन्ट चांगला असेल तर पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात आणि शोधताना दोन्ही वेगळे ठरतात. तीच गत ‘ॲ’ची. हे अक्षर स्वतंत्रपणे युनिकोडमध्ये आलं २००८ साली. त्याआधी लोक ‘अ’वर चंद्र देऊन काम भागवत, अजूनही देतात. आमच्या नोंदी पंधरा वर्षांत चार जणांनी चार कीबोर्डांवर टंकलेल्या, त्यामुळे चारही प्रकार सापडले. आमचे ग्रंथालय परिचर काका म्हणाले, “मॅडम, मी तर दिसलं तसंच टाइप केलं.” खरंच होतं त्यांचं.

तर हे सगळं मांडून पेपर तयार केला. पाठवायच्या आधी व्हॉट्सॲपवर एक निमंत्रण आलं होतं: आंतरराष्ट्रीय जर्नल, चोवीस तासांत स्वीकृती, अठराशे रुपये, सोबत ई-प्रमाणपत्र. आमच्या गटात दोघांनी लगेच होकाराचा अंगठा टाकला. मीही खोटं बोलणार नाही, एक रात्र विचार केला. पण चोवीस तासांत माझा पेपर वाचणारा माणूस आचारी आणि आचार्य यांतला फरक समजून घेणार कधी? ‘थिंक, चेक, सबमिट’ नावाची एक साधी प्रश्नावली फुकट मिळते. ती समोर ठेवली आणि तिसऱ्या प्रश्नातच अठराशे रुपये वाचले.

आता मी पेपर पाठवला त्या नियतकालिकाबद्दल. हे नियतकालिक ओपन जर्नल सिस्टिम्सवर, म्हणजे सगळे ज्याला ओजेएस म्हणतात त्यावर चालतं. नियतकालिकं चालवण्यासाठी कॅनडातल्या पब्लिक नॉलेज प्रोजेक्टनं केलेली ही मुक्त प्रणाली २००१ पासून आहे. पेपर चढवायच्या पाच पायऱ्या. सुरुवातीला कबुलीजबाबाची यादी: हा लेख दुसरीकडे पाठवलेला नाही, संदर्भ ठरल्या पद्धतीनं दिले आहेत, वगैरे. मग फाइल, मग लेखकाची आणि लेखाची माहिती, मग खात्री, मग ‘पुढे काय’. आयकर विवरणपत्र भरलेल्या माणसाला यात घाबरण्यासारखं काही नाही. एकच टीप देते. मुख्य शब्द टाकताना प्रत्येक शब्दानंतर एंटर दाबायचं. मी स्वल्पविराम देत सहा शब्द एका दमात लिहिले आणि त्या सहांचा मिळून एकच लांबलचक मुख्य शब्द झाला.

नावाचा प्रश्न बायकांनी आधीच सोडवून ठेवावा. माझे लग्नाआधीचे दोन लेख माहेरच्या आडनावाने आहेत. ऑर्किडचा (ORCID), म्हणजे संशोधकाच्या ओळखीचा, सोळा अंकी क्रमांक फुकट मिळतो, त्याला दोन्ही नावं जोडता येतात. मी तो काढून ठेवला होता म्हणून निभावलं. बाकी फॉर्ममध्ये ‘आडनाव’ आणि ‘नाव’ अशा दोनच चौकटी. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव कुठे घालायचं हा महाराष्ट्रीय प्रश्न त्यांना पडलेलाच नाही. मी ते सरळ गाळलं, घरी सांगितलं नाही.

दुसऱ्याच दिवशी संपादकीय कार्यालयाकडून पेपर परत आला. समीक्षकाला लेखकाचं नाव कळता कामा नये आणि मी लेखातून नाव काढलं होतं, आभारही काढले होते, पण फाइलचंच नाव माझ्या आडनावानं सुरू होत होतं. शिवाय वर्डच्या गुणधर्मांत कॉलेजचं नाव दिसत होतं. ‘इन्स्पेक्ट डॉक्युमेंट’मधून ते काढायचं असतं हे त्यांनी दोन ओळींत, अजिबात खवचटपणा न करता कळवलं. याचे पूर्ण गुण.

साम्य-तपासणीत, म्हणजे मजकूर इतरांच्या लेखनाशी किती जुळतो ते पाहताना, चौदा टक्के आले आणि माझ्या पोटात गोळा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंत चालतं. पण त्याच नियमांत संदर्भसूची आणि योग्य श्रेय दिलेली अवतरणं मोजायची नाहीत असंही आहे. ती वगळून अहवाल काढला तर सहा. हे आमच्याच विभागातल्या किती जणांना माहीत नसतं! चांगली वाक्यं मोडून-तोडून टक्के कमी करत बसतात बिचारे.

मग शांतता. अकरा आठवडे. ओजेएसवर रोज सकाळी लॉगिन करून ‘रिव्ह्यू’ हा शब्द बघायचा, दुधाचा हिशोब बघावा तसा. सातव्या आठवड्यात नम्रपणे विचारलं, उत्तर नाही. दहाव्यात पुन्हा विचारलं, तेव्हा ‘समीक्षक शोधत आहोत’ असं आलं. म्हणजे दहा आठवडे तो पेपर कुणाकडेच गेला नव्हता! समीक्षक फुकट काम करतात, त्यांना हुडकणं अवघड आहे, सगळं मान्य. पण त्या एका ओळीचं पत्र चौथ्या आठवड्यात आलं असतं तर माझं रक्त कमी आटलं असतं. इथे गुण कापते, मोकळ्या मनानं.

समीक्षा आल्या. पहिल्याच्या दोन ओळी: विषय चांगला, प्रसिद्ध करावा. दुसऱ्याची तीन पानं. त्या तीन पानांसाठी मी तेरा महिने काय, वीसही थांबले असते. या व्यक्तीला देवनागरी येत असणार, नक्की येत असणार. मी लिहिलं होतं की सगळीकडे ०९३१ चा ‘ऱ’ वापरला की प्रश्न सुटला. समीक्षकाचं म्हणणं, सुटला नाही. युनिकोडच्या प्रमाणीकरणाची जी रीत अक्षरं फोडून ठेवते, तिच्यात हा ‘ऱ’ फुटतो आणि ‘र’ व खालचं टिंब म्हणजे नुक्ता असे दोन तुकडे होतात. शोध सोपा व्हावा म्हणून एखादी प्रणाली नुक्ते झटकून टाकत असेल तर तुमचा आचारी पुन्हा आचार्य झाला. मी उठून चहा केला. मग बसून पाहिलं, अक्षरशः तसंच होत होतं. एकोणीस वर्षं ग्रंथपाल आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कुणाला सांगायचं सुचणार? पेपरचा चौथा भाग सगळा नव्यानं लिहिला आणि आज त्यात वाचण्यासारखं जे आहे ते त्या अनामिक माणसाचं आहे. त्याच समीक्षेच्या शेवटी सहा लेख ‘अवश्य पाहावेत’ म्हणून दिले होते, त्यातले पाच एकाच लेखकाचे. असो. दोन घेतले.

संदर्भांचा मात्र वैताग. मराठी पुस्तकांची नावं रोमन लिपीत लिहा असा नियम. लिप्यंतराच्या पद्धती अनेक, सूचनेत एकही दिलेली नाही. देवनागरीत शोध कसा चुकतो यावरच्या पेपरात मराठी पुस्तकं रोमन करून टाकायची, म्हणजे ती शोधायचा उरलासुरला मार्गही बंद. मी तसं लिहून कळवलं. मुळातलं नाव देवनागरीत आणि शेजारी रोमन, एवढी तडजोड संपादकांनी मान्य केली. वाद घालता येतो, हे लक्षात ठेवा. उद्धटपणा नको, कारण द्यायचं.

नोव्हेंबरात स्वीकृती आली. जानेवारीत मुद्रित (प्रूफ) पाहायला आलं आणि मी हसावं की रडावं. तक्ता क्रमांक एक: डाव्या रकान्यात समुद्राचा ‘दर्या’, उजव्या रकान्यात डोंगरातल्या ‘दऱ्या’, असा माझा मजकूर होता. मुद्रितात दोन्हीकडे दर्या. त्यांच्या मांडणीच्या सॉफ्टवेअरनं न दिसणारा जोडक निरुपयोगी समजून काढून टाकला होता. सोबत पत्र: ‘दोन्ही रकाने एकसारखे दिसत आहेत, कृपया फरक स्पष्ट करावा.’ बाई गं! पेपर त्याच्यावरच आहे.

त्यांनी उपाय सुचवला, तक्ता चित्र म्हणून टाकू. मी नाही म्हटलं, चित्रात शोध चालत नाही. आठ ई-मेल झाले. शेवटी प्रत्येक उदाहरणापुढे त्या अक्षरांचे क्रमांक छापायचे आणि मांडणी करणाऱ्यानं ती फाइल हातानं तपासायची असं ठरलं. त्या मांडणीकारानं, त्याला मराठी येत नसताना, एकेक अक्षर माझ्या मजकुराशी ताडून पाहिलं. त्यातल्या दोन चुका माझ्याच निघाल्या.

याच काळात कॉलेजात वेगळंच घडलं. प्राचार्यांचा पहिल्या दिवसापासून एकच प्रश्न, “केअर लिस्टमध्ये आहे ना?” म्हणजे यूजीसीच्या मान्य नियतकालिकांच्या यादीत. आहे, आहे म्हणत मी वर्ष काढलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीनं ती यादीच बंद केल्याचं जाहीर केलं. यादीऐवजी नियतकालिक पारखायचे मार्गदर्शक निकष आले आणि ते लावायचं काम संस्थांवर. “आता कमिटी बसेल,” सर म्हणाले. माझा पेपर त्यानंतर महिन्याभरानं आला. कमिटी अजून बसायची आहे.

पाठवावा का? पदोन्नतीची फाइल जूनमध्ये असेल आणि तुम्ही मार्चमध्ये जागे झाला असाल तर इथे पाठवू नका. हातात दीड वर्ष असेल, मुद्दा खरा असेल आणि तो कुणीतरी नीट उलटसुलट करून बघावा असं वाटत असेल तर पाठवा. पैसे मागत नाहीत, माणसं सभ्य आहेत, पत्राला उत्तर उशिरा येतं पण खरं येतं. पाचपैकी साडेतीन.

अंक आला त्या संध्याकाळी काकांना बोलावून दाखवला. वेबपानावर काकांनीच ‘दऱ्या’ टंकून शोधलं, सापडल्या. मग पीडीएफ उघडून तोच शब्द टाकला. शून्य. “मॅडम, इथे पण माझ्यासारखाच कोणीतरी असणार,” काका म्हणाले. मी ई-मेल लिहायला घेतला, नववा.