काबुकी रंगभूषेचा संच: पांढरा उत्तम, मेण मात्र बदला

दादरला रंगभूषेचं सामान विकणाऱ्या एका दुकानात सध्या काबुकी या जपानी नाट्यप्रकाराच्या रंगभूषेचा संच मिळतो. मेणाची डबी, ओशिरोई म्हणजे पांढरा रंग, लाल, निळा, काळा, एक रुंद चपटा ब्रश, दोन बारीक ब्रश आणि स्पंज. एकांकिकेसाठी घ्यायचा असेल तर जरूर घ्या, फक्त मेण वेगळं आणा.

या रंगभूषेचा सगळा भार मेणावर असतो. बिन्त्सुके म्हणजे हे मेण कडक आणि मऊ दोन्ही मिळतं, आणि भुवया चपट्या बसवायला कडकच लागतं. संचात मऊ आहे. जानेवारीत निभावेल, मे महिन्यात विंगेत उभं राहिलं की घामाने ते सुटतं आणि भुवयांचे केस पांढऱ्यातून वर येतात.

मेण तळहातावर चोळून वितळवा आणि अगदी पातळ लावा. थर जाड झाला तर पांढरा घसरतो, कुठे सुटला तर तिथे डाग दिसतो. ओशिरोई पाण्यात ताकाइतकी पातळ कालवून रुंद ब्रशने चेहरा, गळा आणि मानेची मागची बाजू भराभर रंगवा, लगेच स्पंजने टिपा. घासू नका, पापुद्रे निघतात. हा पांढरा खरोखर सुरेख बसतो. पूर्वीच्या ओशिरोईत शिसं असे, त्याने नट आजारी पडत. या डबीवर घटक छापलेत आणि त्यात शिसं नाही.

कुमादोरीच्या, म्हणजे पांढऱ्यावर काढायच्या रंगीत रेषा चेहऱ्याच्या स्नायूंवरून जातात. प्रत्येक रेषेची एक कड धारदार ठेवून दुसरी बोटाने विरवायची. संचातला लाल पटकन वाळतो, म्हणून एक रेषा ओढा, विरवा, मगच पुढची. सगळ्या आधी ओढल्यात तर एकही विरणार नाही. लाल शौर्याचा आणि संतापाचा, निळा खलनायकाचा आणि भुताचा. राक्षसाला तपकिरी लागतो, तो संचात नाही. ही मोठी उणीव आहे. बाजारातला गेरू मात्र चेहऱ्याला लावू नका.

काबुकीचे नट आपल्या दशावतारी कलावंतांसारखे स्वतःच रंगतात, तेव्हा संच नटाच्याच हाती द्या.

रंग उतरवताना आधी खोबरेल, मग साबण. त्याआधी पातळ सुती कापड चेहऱ्यावर दाबून घ्या. या ठशाला ओशिगुमा म्हणतात, आणि कुठली रेषा नीट विरली नाही ते त्यावर लख्ख दिसतं.